पानी ओल्हांचं बोट

कॅनडात उतरल्यावर माझा पहिला मूर्खपणा पाण्याचा. त्याच्या आधीचे विमानात झाले, ते मी धरत नाही.

साल एकोणसत्तर. एडमंटनला आम्हाला राहायला बेसमेंट पाहिजे होतं. आम्ही म्हणजे मी इनास आणि माझी बायको फिलोमिना, जिला सगळी वसई फिलू म्हणते. आमच्या आधी तिकडे गेलेल्या एका गाववाल्यानं पत्ता दिला. म्हणाला, "बाई युक्रेनची आहे, युनिव्हर्सिटीत शिकवते, एकटी असते. तू तोंड उघडू नको, फिलूला बोलू दे." पण फिलूला तेव्हा इंग्लिशमधले येस आणि नो दोनच शब्द यायचे, आणि त्यातला कुठला कधी घालायचा यात तिची गडबड. मग मीच पुढे झालो. मी चौथी दोनदा केलेली, म्हणजे माझं शिक्षण पाचवीपर्यंत धरायला हरकत नाही.

दार उघडलं. उंच, काठीसारखी बाई. पांढऱ्या केसांची वेणी डोक्याभोवती गुंडाळलेली, हंडा ठेवायला चुंबळ करतात तशी. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "पानी ओल्हा."

मला वाटलं, बाई तहानलेली आहे. आपण इंडियाचे म्हणून बिचारीनं शब्द पाठ करून ठेवलाय. बूट न काढता मी त्यांच्या बाजूनं घरात घुसलो, किचन शोधलं, ग्लास शोधला, नळ सोडला आणि भरलेला ग्लास त्यांच्यासमोर आणून धरला. "घ्या. पाणी."

बाईंनी तो ग्लास दोन्ही हातांनी घेतला. प्याल्या नाहीत. नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. इतका वेळ बघत राहिल्या की मला वाटलं ग्लासात काही पडलंय. फिलूनं मागून चिमटा काढला, "काय दिलंस तू तिला?"

मग उलगडा झाला. त्यांच्या भाषेत पानी म्हणजे बाई, मिसेस. ओल्हा हे नाव. आणि पुरुषाला म्हणायचं पान.

"म्हणजे मी पान इनास?"

"हो."

"तुम्ही पाणी, मी पान. आता सुपारी तेवढी आणली की झालं."

हे मी इंग्लिश करून सांगितलं. इंग्लिश झाल्यावर त्यात काय उरलं ते देवाला ठाऊक, बाई काही हसल्या नाहीत. बेसमेंट मात्र दिलं. पुढं ओळख वाढल्यावर मी एकदा विचारलं, "पानी, बूट घालून घरात घुसणाऱ्या माणसाला तुम्ही जागा कशी दिली हो?" तर म्हणाल्या, "न मागता मला कोणी पाणी आणून दिलं नव्हतं." मला ते त्या वेळी कळलं नाही. मला बऱ्याच गोष्टी त्या वेळी कळत नाहीत.

पाण्याचं त्यांचं वेडच होतं म्हणा ना. त्या काळात कोण पाण्याची बाटली घेऊन फिरायचं? बाईंच्या हँडबॅगेत कायम बूच लावलेली काचेची बाटली. चर्चला जाताना बाटली, ग्रोसरीला जाताना बाटली. मायनस थर्टीत बस स्टॉपवर उभ्या राहिल्या की बाटलीतलं पाणी गोठायचं, काच तडकायची, बॅग ओली व्हायची, दुसऱ्या दिवशी नवी बाटली. मी म्हणायचो, "नावात पाणी, बॅगेत पाणी, आणि बाहेर सगळा बर्फ. पानी, देवानं तुम्हाला चुकून वाळवंटाऐवजी इथं टाकलं." त्यावरही हसायच्या नाहीत. मी ठरवलंच होतं, या बाईला एकदा तरी हसवणार. गाड्या पुसायला, बर्फ शोव्हल करायला मी कुणाला सापडत नसे, पण हसवायचं काम मी फुकट करतो.

बाईंचं खरं काम काय, हे कळायला मला वर्ष गेलं. कॉलेजातल्या पोरांना भाषा शिकवायच्या, ते ठीक. पण त्याशिवाय घरी त्या एका शब्दाचं काहीतरी करत बसायच्या. एकाच शब्दाचं. 'पेक्ती'. मी आधी ऐकलं 'पंक्ती'. मला वाटलं जेवणावळीवर पुस्तक लिहितात.

एकदा त्यांच्या किचनचा नळ दुरुस्त करायला वर गेलो. नळ चांगला होता, मी हात लावल्यावर गळायला लागला. तो गळत असताना वेळ काढायला म्हणून विचारलं, "पानी, हे पेक्ती म्हणजे काय?"

"भाजणं. भट्टीत भाजणं. पाव भाजतात तसं. फार पूर्वी आमची, पोलंडची, रशियाची, बल्गेरियाची, सगळ्यांची एकच भाषा होती, पान इनास. तिच्यातला हा शब्द."

"कुठं लिहून ठेवलाय?"

"कुठंच नाही. तेव्हा कोणाला लिहायला येत नव्हतं."

"म्हणजे माझ्यासारखे."

"अगदी तुमच्यासारखे."

"मग तुम्हाला कसा कळला?"

"पोरांवरनं. युक्रेनमध्ये आजही आम्ही पेक्ती म्हणतो. बल्गेरियात पेका. पोलंडमध्ये अजून वेगळं. सगळ्या पोरांची तोंडं शेजारी शेजारी ठेवायची आणि त्यावरनं आईचं तोंड काढायचं."

हे मला एका झटक्यात पटलं. आमच्या वाडीत एक बस्त्याव होता. मी जन्मायच्या आधी बावखलात, म्हणजे वाडीच्या तळ्यात, बुडून मेला, त्याचा फोटो नाही की काही नाही. पण त्याची पाच पोरं, पाचांची नाकं पोपटाची. बस्त्यावचं नाक कसं होतं ते मी आज डोळे मिटून सांगेन.

"बरोबर," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी उजव्या हाताचं एक बोट वर केलं. "म्हणून अशा शब्दाच्या आधी आम्ही एक स्टार काढतो. छोटी चांदणी. तिचा अर्थ असा, की हा शब्द कोणी ऐकलेला नाही, कोणी लिहिलेला नाही, पण तो असलाच पाहिजे. नाहीतर ही पोरं आली कुठनं?"

ते बोट म्हणजे बाईंची खूण. जे नक्की माहीत नाही, नुसतं धरून चाललोय, ते बोलताना बोट वर आणि पाठोपाठ, "स्टार." रेडिओवर सांगितलं की उद्या ऊन पडेल, बाई म्हणायच्या, "स्टार." मी म्हटलं, पानी, शनिवारी नक्की गटार साफ करतो. बोट वर. बोलायची गरजच नाही. फिलूनं ते लगेच उचललं. कोणी फोनवर विचारलं, इनास किती वाजता येईल, तर ही म्हणणार, "सहापर्यंत येईल. स्टार."

त्या शब्दाच्या पोराबाळांची सगळी यादी बाईंना तोंडपाठ. भट्टी म्हणजे पिच. बिस्किटं म्हणजे पेचिवो. आणि एक पेचाल. "ती कोण?" मी विचारलं. म्हणाल्या, "दुःख. आतल्या आत भाजत राहतं ना माणूस, ते." आणि आणखी एक ओपिका. म्हणजे दुसऱ्याच्या पोराला सांभाळणं, त्याच्यासाठी आपला जीव भाजणं. एकाच भट्टीतनं पाव पण निघाला आणि रडणं पण निघालं. मी म्हटलं, "पानी, तुमच्या लोकांनी विस्तव जरा कमी ठेवायला पाहिजे होता."

मी तेव्हा एका फळांच्या वेअरहाऊसमध्ये लागलो होतो. तिकडे केळी हिरवी यायची आणि बंद खोल्यांत ठेवून पिवळी करायची. मी इंटरव्ह्यूत छाती काढून सांगितलं, आम्ही वसईचे, केळी आमच्या रक्तात आहेत. आमच्याकडे कसं, केळ्यांच्या खोलीत भाताचं तूस पेटवून धुरी द्यायची आणि दार लिंपून घ्यायचं. सुपरवायझर लंचला गेल्याचं बघून मी म्हटलं, यांना दाखवू या खरी पद्धत. तूस मिळालं नाही, पुठ्ठे पेटवले. पाच मिनिटांत घंटा वाजायला लागली, छतातनं पाणी सुरू झालं, फायरवाले कुऱ्हाडी घेऊन आत, आणि मी केळ्यांच्या घडामागं बसून नवेनाची प्रार्थना म्हणतोय.

संध्याकाळी बाईंच्या किचनमध्ये मी हे फिलूला मराठीत सांगत होतो. बाई चहा करत होत्या. मी शेवटी म्हटलं, "केळी पिकवायला गेलो आणि सगळ्या वेअरहाऊसमध्ये हशा पिकला."

बाईंनी किटली खाली ठेवली. "थांबा. काय म्हणालात? एक शब्द दोनदा आला."

"पिकणं? केळी पिकली."

"आणि दुसऱ्यांदा काय पिकलं?"

"हशा. लोक खूप हसले की आम्ही म्हणतो हशा पिकला."

त्यानंतर अर्धा तास बाई बोलत होत्या आणि आम्ही दोघं थंड चहा घेऊन ऐकत होतो. त्या पेक्तीची पण आई होती म्हणे, आणखी जुनी, तिच्याही डोक्यावर स्टार. तिची एक मुलगी यांच्याकडे गेली, एक आपल्याकडे. आपल्याकडे संस्कृतात पच् झाली, पुढं पक्व झालं, आणि माझ्या तोंडात येईस्तो पिकणं. आपल्याकडे ऊन भरपूर, म्हणून भट्टीतलं भाजणं झाडावर गेलं. शेतातलं पीक तेच, केस पिकतात ते पण तेच.

"म्हणजे आपण नातलग?" मी विचारलं.

"लांबचे."

"मग भाडं कमी करा."

"नातलगांकडनं जास्त घेतात," बाई म्हणाल्या. तोंड तसंच, पण डोळ्यांच्या कडेला काहीतरी हललं. मग खिडकीकडे बघत हळू बोलल्या, "आमच्याकडे तिचं दुःख झालं आणि तुमच्याकडे हसू. वाटणीत चांगला तुकडा तुमच्याकडे गेला, पान इनास."

एक्काहत्तरला आमची शर्ली झाली. फिलूला हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम लागलं आणि दुपारची शर्ली बाईंकडे असायची. आम्ही कधी विचारलं नाही, त्यांनीच एक दिवस खाली येऊन पाळण्यासकट पोरगी उचलून नेली. शर्ली बोलायला लागली ती तीन भाषांची खिचडी. दूध मराठीत, मांजर युक्रेनियनमध्ये आणि नो इंग्लिशमध्ये. बाई तिला सगळं आपल्या भाषेत सांगायच्या, फक्त ओव्हनजवळ गेली की इंग्लिश. "हॉट, हॉट!" मला वाटायचं, घाईत जी भाषा आली ती.

एका ईस्टरच्या आधी बाईंच्या चर्चमधल्या बायका त्यांच्याकडे पाव भाजायला जमल्या. शर्ली ओव्हनकडे गेली तशी एका म्हातारीनं तिला मागं ओढलं. "पेचे! पेचे!" म्हणजे भाजेल, पोळेल. त्याच पेक्तीचं हे पोर, घरातलं, रोजच्या वापरातलं.

दोन-चार दिवसांनी आम्ही वर जेवायला होतो. भाजलेले बटाटे होते. शर्लीनं न फुंकता अख्खा तुकडा तोंडात टाकला आणि ओरडली, "पेचे!"

मी टेबलावर हात आपटून हसलो. म्हटलं, "बघा, वसईची पोर युक्रेनियन रडते!" आणि शाबासकी घ्यायला बाईंकडे बघितलं. बाईंची खुर्ची मागं पडली होती. त्या सिंकशी गेल्या होत्या, ग्लास भरून वळल्या होत्या, आणि किचनच्या मध्ये उभ्या होत्या. पुढंही येईनात, मागंही जाईनात. ग्लास काठोकाठ भरलेला, पण थेंब सांडत नव्हता, इतका घट्ट धरलेला. फिलू उठली आणि तिनं तो ग्लास हळूच काढून घेतला.

मग बाईंनी सांगितलं. लढाई संपत आली होती, लोक पश्चिमेकडे पळत होते. मालगाडीत ही पानी, हिची आई आणि हिची मुलगी दारका. तीन वर्षांची. नवरा आधीच गेलेला. गाडी शेतात कुठंतरी थांबली. रुळांच्या कडेला कोणी शेकोटी करून बटाटे भाजत होतं, त्यातला एक हिनं दारकाला आणून दिला. पोरीनं न फुंकता तोंड घातलं. "मामो, पेचे!" तोंड पोळलं, रडायला लागली. समोर विहीर दिसत होती. आई म्हणाली, उतरू नको. ही म्हणाली, आलेच. बाटली घेऊन उतरली.

"पाणी भरून वळले तर गाडी हलली होती," बाई म्हणाल्या. "जोरात नव्हती, पान इनास. हळू होती. मी धावले. पण पाणी सांडू नये म्हणून जपून धावले."

एवढंच. पुढं गाडीचं काय झालं, कोणी वाटेत उतरवलं, कोणाला परत पाठवलं, काही पत्ता लागला नाही. बाई निर्वासितांच्या कॅम्पांतनं फिरत फिरत कॅनडात पोचल्या.

फिलूनं विचारलं, "दारका आता केवढी असेल?"

"तेहतीसची," बाई म्हणाल्या. आणि बोट वर गेलं.

मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की ते बोट कसल्या शब्दासाठी वर होतं. त्यानंतर आठवडाभर मला एकही जोक सुचला नाही. वेअरहाऊसमध्ये सगळे विचारायला लागले, घरी कोणी आजारी आहे का.

पण माझ्या नशिबात मूर्खपणाची रजा नाही. अठ्ठ्याहत्तरला एडमंटनमध्ये जमिनीखालची ट्रेन आली, एलआरटी. सगळं शहर बघायला. शर्ली सात वर्षांची, हट्ट धरून बसली की पानी ओल्हा आल्याच पाहिजेत. बाई ट्रेनमध्ये कधी बसत नसत. पण शर्लीचं मन मोडायचं त्यांना जमत नव्हतं. हँडबॅग, बाटली, शर्लीची बाही मुठीत, अशा बसल्या. मी दारात ऐटीत उभा, जणू सगळ्या गाववाल्यांना दाखवतोय. एका स्टेशनला माझी लोकरीची टोपी पडली प्लॅटफॉर्मवर. मी उचलायला उतरलो. दार लागलं.

काचेतनं मला बाईंचं तोंड दिसलं. ते मी कधी विसरणार नाही. गाडी गेली. मी टोपी घेऊन पाठीमागं पळतोय, आणि सिक्युरिटीवाला माझ्या मागं.

पुढच्या ट्रेननं पुढच्या स्टेशनला गेलो. बाई बाकावर बसलेल्या, पिठासारख्या पांढऱ्या, शर्लीला दोन्ही हातांनी आवळून. शर्ली म्हणाली, "पप्पा, आय कान्ट ब्रीद." मी माफी मागायला तोंड उघडलं, तर बाई माझ्याशी बोलतच नव्हत्या. समोर रुळांकडे बघून बोलत होत्या.

"पुढच्या स्टेशनला उतरायचं आणि थांबायचं. बस. एवढंच करायचं असतं. बघ, आला की नाही?" मग आवाज बारीक झाला. "आईनं का नाही केलं? पुढच्या स्टेशनला का नाही उतरली ती?"

शर्लीला वाटलं आपल्याला विचारतात. ती म्हणाली, "मे बी देअर वॉज नो स्टेशन."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. इतकी वर्षं भाषांची पुस्तकं वाचलेल्या बाईला हे सुचलं नव्हतं, का सुचून पटलं नव्हतं, मला माहीत नाही. त्यांनी बॅगेतली बाटली काढून शर्लीला पाणी पाजलं. मला पण दिलं. मी पळून घामाघूम झालो होतो.

बाई रिटायर झाल्या त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. चर्चमधली एक बाई तिकडे सोव्हिएतमध्ये नातेवाइकांना भेटायला गेली. पानी ओल्हांनी तिला आईचं आडनाव, गाव, दारकाचं नाव देऊन ठेवलं होतं, जसं जाणाऱ्या प्रत्येकाला द्यायच्या. ही बाई परत आली ती फोन नंबर घेऊन. दारका होती. कुठल्यातरी लांबच्या शहरात, नवरा, दोन मुलगे.

फोन आधी बुक करावा लागायचा. सकाळची वेळ मिळाली. बाईंनी मला वर बोलावलं. "तुम्ही बसा. मला काही झालं तर जोक सांगा." मी संडेचा सूट घालून बसलो. बाईंनी वेणी नव्यानं बांधली होती, जणू फोनमधनं दिसणार आहे.

घंटा वाजली. बाई बोलल्या. थांबल्या. परत बोलल्या. मला एक अक्षर कळत नव्हतं, मी नुसतं त्यांचं बोट बघत होतो. ते टेबलाची कड धरून होतं. मध्येच त्यांनी काहीतरी विचारलं, त्यात मला 'पेचे' ऐकू आलं. मग बराच वेळ ऐकत राहिल्या. मग फोन ठेवला.

मी जोक शोधत होतो. सापडला नाही.

"तिच्या आजीनं तिला सांगितलं होतं, आई लढाईत मेली," बाई म्हणाल्या. "ती फार सभ्यपणे बोलली. म्हणाली, कॅनडातनं फोन आले तर नवऱ्याच्या नोकरीला त्रास होईल. म्हणून परत करू नका."

"तुम्ही काय विचारलंत?"

"मी विचारलं, चहा गरम असला, तोंड पोळलं, तर तू काय म्हणतेस. पेचे म्हणतेस का? तिला कळलंच नाही. रशियनमध्ये म्हणाली, गर्याचो."

"गर्याचो. आमच्या गरमसारखं वाटतं," मी म्हटलं, काहीतरी बोलायचं म्हणून.

"तेच आहे. तेही तुमचंच नातलग." बाई म्हणाल्या. "शब्दाच्या पोरांना आई माहीत नसते, पान इनास. तुमची केळी पिकतात, त्यांना पेक्ती कुठं माहीत आहे? तरी पिकतात. आईचं काम एवढंच, की पोरं राहिली पाहिजेत. ती राहिली." आणि त्यांनी उजव्या हाताचं ते बोट वर केलं, त्याच्याकडे बघितलं, आणि डाव्या हातानं धरून हळूच मिटवलं. "स्टार पुसला."

त्या रडल्या नाहीत. मीच रडलो, संडेच्या सुटात. मग त्यांनी उठून मला ग्लासभर पाणी आणून दिलं.

त्यानंतर बोट वर जायचं कमी झालं. पेक्तीचे कागदही टेबलावरनं हलले. बाई खिडकीत बसायच्या. शर्ली शाळेतनं यायची, दार उघडून ओरडायची, "पानी, आय ॲम होम!" तेव्हा वळायच्या. शर्लीला आता मराठी कळायचं, बोलायची इंग्लिश. मी एकदा वैतागून म्हटलं, "हिच्या पोरांना तर एक शब्द येणार नाही." बाई म्हणाल्या, "येईल. तुम्हाला ओळखता येणार नाही इतकंच."

पंच्याऐंशीच्या थंडीत बाईंना स्ट्रोक झाला. उजवी बाजू गेली आणि सगळं इंग्लिश गेलं. नर्सेस मोठ्यानं बोलायच्या, जणू बाई बहिऱ्या आहेत. त्या डोळे मिटून पडून राहायच्या. मी रोज जायचो, मराठीत बोलायचो. नाहीतरी कळत नाही, तर निदान मला येणाऱ्या भाषेत न कळू दे.

त्या दिवशी शर्ली बरोबर होती. चौदा वर्षांची, कानात वॉकमन, हॉस्पिटलचा वास आवडत नाही म्हणून तोंड वाकडं. तिनं खालनं कागदी कपात सूप आणलं होतं. पलंगाशी बसून पहिला घोट घेतला आणि हात झटकून म्हणाली, "आ! पेचे!"

बाईंनी डोळे उघडले.

मला वाटतं शर्लीला आपण काय म्हणालो ते कळलंही नव्हतं. भाजलं की तिच्या तोंडी लहानपणापासनं तेच यायचं. पण बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि डाव्या हातानं ब्लँकेट बाजूला ढकललं. एक पाय खाली काढायला लागल्या. तोंडातनं आवाज येत होता. उतरायला बघत होत्या.

"पानी, नाही!" मी दोन्ही हातांनी खांदे धरले. "उतरू नका. तुम्ही बसा हितंच. पोरीला धरून बसा. पाणी मी आणतो." मराठीतच बोललो. शर्लीचा हात त्यांच्या डाव्या हातात दिला आणि धावलो.

वॉशरूम कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला. कागदी ग्लास भरला आणि वळलो. म्हाताऱ्यांच्या वॉकरांतनं, जेवणाच्या ट्रॉलीतनं पळालो, एका डॉक्टरच्या अंगावर सांडलं, जमिनीवर सांडलं, माझ्या बुटांत गेलं. नर्स ओरडली, "सर, नो रनिंग!" सांडू दे म्हटलं. अर्धं सांडलं. मी जपून धावलो नाही.

दारात आलो. दोघी तिथंच होत्या. गाडी हलली नव्हती. बाईंनी शर्लीची बाही मुठीत धरली होती, आणि शर्लीनं वॉकमन काढून ठेवला होता.

मी ग्लास पुढं केला. धाप लागली होती, तरी सवयीनं म्हणालो, "पानी, पाणी."

शर्लीनं दोन घोट घेतले. मग तिचं तिलाच काय वाटलं कोण जाणे, तिनं उरलेलं बाईंच्या ओठांना लावलं. बाई प्याल्या. हनुवटीवरनं थोडं गळलं. आणि माझ्या ओल्या बुटांकडे बघून बाई हसल्या. तोंडाच्या एकाच बाजूनं, कारण दुसरी चालत नव्हती. सोळा वर्षं मी ज्याच्यासाठी झटलो ते शेवटी बुटांनी केलं.

व्हिजिटिंग अवर संपला. मी टोपी घातली. दारात वळून म्हटलं, "पानी, उद्या येतो हां."

त्यांनी शर्लीची बाही सोडली, आणि डाव्या हाताचं एक बोट ब्लँकेटवरनं वर केलं.